राणीचे तळे आणि भाऊ नसलेल्यांची भाऊबीज

पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी काठमांडूला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना हे तळे बहुतेक वेळा बसच्या खिडकीतूनच दिसते. पूर्वेला घंटाघराचा उंच मनोरा, पश्चिमेला जमलचा गजबजलेला रस्ता, चारी बाजूंनी मोटारी, मायक्रोबस आणि मोटरसायकलींचा गोंगाट, आणि या सगळ्याच्या मधोमध कठड्याच्या आत एक भलेमोठे चौकोनी तळे. तळ्याच्या मध्यभागी पांढरे देऊळ आणि काठापासून त्या देवळापर्यंत जाणारा पूल. 'ही रानी पोखरी,' एवढे गाईड सांगतो, तोवर बस पुढच्या चौकात पोहोचलेली असते. उतरून आत जावे म्हटले, तर पुलाच्या तोंडाशी बहुधा फाटक बंद असते. शहराच्या काळजात असलेल्या या देवळात वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस कुणालाही जाता येत नाही.

जाता येते ते मुख्यतः एका दिवशी. कार्तिक शुद्ध द्वितीयेला. म्हणजे आपल्या भाऊबिजेला.

त्या दिवशी तिथे येणारी माणसेही ठरलेली आहेत. ज्या बाईला भाऊ नाही आणि ज्या पुरुषाला बहीण नाही, त्यांच्यासाठी हे फाटक उघडते. ही प्रथा समजून घ्यायची, तर साडेतीनशे वर्षे मागे, एका राजाच्या घरात घडलेल्या मृत्यूपर्यंत जावे लागते.

सतराव्या शतकात काठमांडूचे नाव कांतिपूर होते आणि खोऱ्यातली तीन शहरे म्हणजे तीन स्वतंत्र राज्ये होती. कांतिपूर, ललितपूर म्हणजे पाटण, आणि भक्तपूर. तिन्हीकडे मल्ल घराण्याच्या शाखा राज्य करीत होत्या, आणि भाऊबंदकी काय असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १६४१ साली कांतिपूरच्या गादीवर प्रतापमल्ल बसला. हा राजा मोठा हौशी होता. स्वतःला 'कवींद्र' म्हणवून घेई, स्तोत्रे रची, देवळे उभारी, मूर्ती घडवून घेई. हनुमान ढोका नावाच्या राजवाड्याच्या दाराशी शेंदूर फासलेला मारुती आजही उभा आहे, तो याने १६७२ साली बसवला. त्याच वाड्याच्या भिंतीवर १६५४ सालचा एक शिलालेख आहे, त्यात पंधरा लिप्यांतली अक्षरे कोरली आहेत. त्यात चक्क फ्रेंच आणि इंग्रजी शब्दही आहेत. हिमालयाच्या कुशीतल्या एका छोट्या राज्याच्या राजाने तेव्हा ते कुठून मिळवले असतील, याचे कुतूहल वाटल्याखेरीज राहत नाही. थोडक्यात, आपली विद्या, आपले वैभव, आपले नाव जगाला दिसावे अशी तीव्र इच्छा असलेला हा माणूस होता.

या राजाला मुलगे बरेच. नेपाळच्या वंशावळ्यांत, म्हणजे तिथल्या बखरींत, एक चमत्कारिक हकिगत येते. कुणा स्वामींच्या सल्ल्यावरून राजाने ठरवले, की आपण हयात असतानाच मुलांना एकेक वर्ष गादीवर बसवायचे. पार्थिवेंद्र, नृपेंद्र आणि महीपतेंद्र यांनी आपापली वर्षे पुरी केली. मग चक्रवर्तेंद्राची पाळी आली. त्याला राज्याभिषेक झाला, त्याच्या नावाचे नाणे पाडले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी तो मरण पावला. नाण्यावरची धनुष्यबाण, पाश, अंकुश ही चिन्हे अशुभ होती म्हणून असे घडले, असे बखरकार सांगतो. लोकांच्या तोंडी मात्र दुसरी कथा आहे, आणि ती जास्त साधी आहे. राजपुत्र हत्तीच्या पायाखाली सापडला.

दोन्हींपैकी खरी कोणती, या वादात पडण्यात फारसे हशील नाही. मुलगा गेला हे दोन्हींत सारखेच आहे, आणि त्याची आई दुःखाने वेडीपिशी झाली हेही.

त्या आईचे सांत्वन व्हावे म्हणून राजाने तळे खोदले. शहराच्या तटाबाहेर, पूर्वेच्या अंगाला. १६७० साली ते पुरे झाले. आज आहे तसे ते सुमारे १८० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद भरते, म्हणजे जवळजवळ सहा एकर पाणी. मध्यभागी शिवाचे देऊळ. चार कोपऱ्यांवर चार लहान देवळे, वायव्येला आणि ईशान्येला भैरव, आग्नेयेला महालक्ष्मी, नैर्ऋत्येला सोळा हातांचा गणपती. अंगावर कोसळलेल्या दुःखाला चारी दिशांनी राखण बसवावी, तशी ही रचना आहे.

पण तळे खोदून आईचे दुःख हलके होते का? आज कुणालाही हा प्रश्न पडेल. प्रतापमल्लाला बोलून समजूत घालणे जमले नसावे. ते पुष्कळ पुरुषांना जमत नाही. घरात कुणी गेले, की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात आणि पुरुष मांडव, लाकडे, गाड्या, नातेवाइकांची सोय असल्या कामांत स्वतःला गाडून घेतात. त्यात निर्दयपणा नसतो, त्यांना दुसरी भाषा येत नसते एवढेच. या राजाकडे सत्ता होती, माणसे होती, म्हणून त्याचे काम सहा एकरांचे झाले.

आणि त्या कामातला एक भाग असा आहे, की तिथे त्याची तळमळ स्पष्ट दिसते. तळ्यात नुसते पावसाचे पाणी साठून त्याला चालणार नव्हते. त्याने एकावन्न तीर्थांचे पाणी आणवून त्यात ओतले. गोसाईंकुंड, मुक्तिनाथ, आणि तिकडे बद्रीनाथ, केदारनाथ. गोसाईंकुंड समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहूनही उंच आहे, आणि मुक्तिनाथला जाणारी वाट आजही सोपी नाही. घागरी आणि कमंडलू घेऊन ही माणसे किती दिवस चालली असतील! मराठी घरांत गंगेच्या पाण्याचा मोहोरबंद गडू देवघरात जपून ठेवला जाई, घरातले माणूस शेवटचे श्वास घेऊ लागले की तो फोडायचा. काशीची कावड रामेश्वराला नेणारे नाथमहाराज आणि वाटेतले ते तहानलेले गाढव, ही गोष्ट तर लहानपणीच कानावर पडलेली असते. पाणी वाहून नेणे म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावून द्यावे लागत नाही. ज्या मुलाच्या तोंडात शेवटचे थेंबही घालायला सवड मिळाली नसेल, त्याच्या नावाने बापाने एकावन्न तीर्थे गोळा केली.

हे सारे राजाने दगडावर कोरून ठेवले आहे. लेख तीन भाषांत आहे, संस्कृत, नेपाळी आणि नेपाळभाषा म्हणजे नेवारी. वर साल आहे नेपाळ संवत् ७९०. पाच ब्राह्मण, पाच प्रधान आणि पाच खस मगर यांना साक्षीदार म्हणून नोंदवले आहे. एखाद्या जमिनीच्या खरेदीखतावर सह्या घ्याव्यात तशी ही साक्ष! या नेपाळ संवताबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो इसवी सन ८७९ मध्ये सुरू झाला आणि त्याचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागते, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी काठमांडूचे नेवार लोक 'म्ह पूजा' करतात, म्हणजे स्वतःच्याच देहाची पूजा. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल काढतात, दूरदेशी गेलेल्यासाठीही एक काढायला विसरत नाहीत.

तळ्याच्या नावातही गंमत आहे. नेवारीत त्याला 'न्हू पुखू' म्हणतात, म्हणजे नवे तळे. साडेतीनशे वर्षे झाली तरी ते नवेच! नेपाळीत मात्र ते 'रानी पोखरी', राणीचे तळे. हनुमान ढोक्याच्या भिंतीवर पंधरा लिप्या मिरवणाऱ्या आणि दगडी खांबावर स्वतःची मूर्ती बसवणाऱ्या राजाने एवढे मोठे काम केले, आणि लोकांनी त्याला नाव दिले त्याच्या बायकोचे. तेही तिचे स्वतःचे नाव नव्हे. कुठल्याही आईला लागू पडावे असे, नुसते 'राणी'.

दक्षिणेच्या काठावर एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्या पाठीवर प्रतापमल्ल आहे आणि त्याच्याबरोबर दोन मुलगे, चक्रवर्तेंद्र आणि महीपतेंद्र. हत्तीने मारले ही लोककथा खरी मानली, तर हे शिल्प पाहताना अंगावर काटा येतो. ज्या जनावराने मुलाला चिरडले, त्याच्याच पाठीवर बापाने मुलाला कायमचे बसवले आणि स्वतः जवळ बसून राहिला. आणि बखर खरी मानली, तर तो नुसता राजेशाही हत्ती, मिरवणुकीतला. पाहणाऱ्याने आपापल्या मनाप्रमाणे ठरवावे.

प्रतापमल्ल पुढे चारच वर्षे जगला. १६७४ साली तो वारला आणि गादी नृपेंद्राकडे गेली. शंभर वर्षांच्या आत गोरख्यांचा राजा पृथ्वीनारायण शहाने खोरे जिंकले आणि मल्लांची तिन्ही राज्ये संपली. तळे राहिले. १७२१ साली इप्पोलितो देसिदेरी नावाचा इटालियन जेझुइट पाद्री तिबेटातून हिंदुस्थानकडे परतताना या शहरातून गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या तळ्याचे वर्णन करून ठेवले आहे. तेव्हा ते शहराच्या वेशीबाहेर होते. नंतर शहर वाढत वाढत तळ्याला ओलांडून गेले आणि बाहेरचे तळे आपोआप मध्यभागी आले. काठाशी दरबार हायस्कूल आले, पूर्वेला घंटाघर आले, १९१८ साली नेपाळचे पहिले महाविद्यालय त्रिचंद्र कॉलेज आले, जवळच वीर हॉस्पिटल आले, रत्नपार्क आले. आता ज्याला बस बदलायची आहे, रुग्णाला भेटायचे आहे, मोर्चा काढायचा आहे, परीक्षेला जायचे आहे, त्याला या तळ्याला वळसा घालावाच लागतो.

हे पाणी नुसते शोभेचे नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. काठमांडूचे खोरे म्हणजेच मुळात एक प्रचंड सरोवर होते. मंजुश्रीने चोभारपाशी तलवारीने डोंगर चिरला आणि पाणी वाहून गेले, असे स्वयंभू पुराण सांगते. भूगर्भशास्त्रज्ञ तलवारीची गोष्ट सोडून देतात, पण सरोवराची मान्य करतात. त्या जुन्या सरोवराच्या तळाचा काळा, चिकट गाळ अजूनही खोऱ्याच्या जमिनीखाली सापडतो. शहरातल्या एका भागाचे नावच 'कालीमाटी' आहे. जुने कारागीर हीच काळी माती तुडवून तळ्यांच्या बुडाला थर देत, म्हणजे पाणी धरून राहते. डोंगरातून राजकुलो नावाचे कालवे काढून पाणी शहराकडे आणायचे, ते तळ्यांत साठवायचे, तळ्यांतून ते हळूहळू जमिनीत मुरायचे आणि खालच्या अंगाला दगडी मकरमुखांतून वाहायचे, अशी खोऱ्याची जुनी व्यवस्था होती. या मकरमुखांना ढुंगे धारा किंवा हिटी म्हणतात. पाटणची मंगा हिटी तर सहाव्या शतकातली आहे. शहर माजले, विहिरी खोल गेल्या, तळी बुजली, तशा कित्येक धारा आटल्या. ज्या उरल्या आहेत, त्यांच्यापाशी उन्हाळ्यात पहाटेपासून घागरींच्या रांगा लागतात. तळे बुजवून इमारत उभी करणाऱ्याला आपण कुणाची घागर रिकामी ठेवतो आहोत, हे दिसत नाही. ते पाणी दोन गल्ल्या पलीकडे वाहत असते.

मधल्या देवळाने बरेच सोसले आहे. भूकंप हा या खोऱ्याचा जुना पाहुणा. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात शेजारचे घंटाघर कोसळले, ते पुन्हा बांधावे लागले. राणांच्या अमदानीत तळ्यातले देऊळ नव्याने उभे राहिले, तेव्हा त्याला शिखराऐवजी घुमट आला. कित्येक पिढ्यांनी ते घुमटाचे पांढरे देऊळच पाहिले आणि तेच मूळचे असे मानले. मग २५ एप्रिल २०१५ च्या दुपारी, बाराला चार मिनिटे कमी असताना, जमीन पुन्हा हलली. नेपाळमध्ये जवळजवळ नऊ हजार माणसे गेली. धरहरा मनोरा पडला, दरबार चौकांतली देवळे पडली, आणि तळ्यातले हे देऊळही मोडले.

पुढची हकिगत भारतातल्या कुठल्याही शहराच्या माणसाला ओळखीची वाटेल. १९३४ च्या भूकंपाच्या स्मृतिदिनाचे निमित्त साधून जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राच्या पुनर्बांधणीचा शुभारंभ इथेच झाला. तत्कालीन राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांच्या हस्ते समारंभ पार पडला. इथवर सारे ठीक. पण नंतर महानगरपालिकेच्या कामात काँक्रीट दिसू लागले. काठाशी कारंजी आणि उपाहारगृह करण्याची योजना असल्याची बातमी फुटली. शहरातली माणसे रस्त्यावर आली. साडेतीनशे वर्षांच्या तळ्याला पोहण्याच्या तलावासारखे सिमेंटचे बूड आणि भिंती करायच्या, आणि राणीच्या दुःखाच्या काठावर कॉफी प्यायची, हे त्यांना सहन होईना. काम थांबले. तळ्याचे पाणी तर आधीच काढलेले होते. कोरड्या बुडावर गवत वाढले. राणीच्या तळ्याचे गवताळ मैदान झालेले लोकांनी पाहिले.

या वादात एक गोष्ट चांगली झाली. देऊळ मुळात कसे होते, याचा शोध लोकांनी घेतला. जुने आधार चाळले गेले आणि ठरले, की घुमट नव्हे, प्रतापमल्लाच्या काळचे ग्रंथकूट शैलीचे शिखर पुन्हा उभारायचे. काँक्रीट काढून टाकण्यात आले. काम राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरणाकडे आले. विटा, चुना आणि सुरकी वापरली गेली. सुरकी म्हणजे विटांची पूड, आपल्या जुन्या वाड्यांच्या बांधकामातली. बुडाला पुन्हा काळी माती आली. हे काम वेळखाऊ असते, सिमेंटसारखे रात्रीत वाळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये देऊळ आणि तळे पुरे झाले आणि पुन्हा राष्ट्रपतींच्याच हस्ते त्याचे लोकार्पण झाले. तळे खोदले गेल्याला त्या वर्षी बरोबर साडेतीनशे वर्षे झाली होती.

या पाच वर्षांत पाच भाऊबिजा येऊन गेल्या. देऊळ धड नव्हते, तळ्यात पाणी नव्हते. ज्यांना भाऊ-बहीण आहेत, त्यांना याचे काही वाटले नसेल. ज्यांना नाहीत, त्यांचे काय, हा विचार आराखड्यांवर भांडणाऱ्या कागदांत फारसा आला नाही. पुनर्बांधणीचा हिशेब विटांचा असतो, मीटरांचा असतो. एका दिवसासाठी उघडणाऱ्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा कुठल्या रकान्यात मांडायचा?

नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. त्या दिवशी रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळा दिसतो. तिसरा गाईचा आणि लक्ष्मीपूजनाचा. पाचवा भाईटीका. या पाच दिवसांना यमपंचक म्हणतात, आणि यम या सणाच्या केंद्रस्थानी आहे हे तिथे कुणी लपवीत नाही. महाराष्ट्रातही यमद्वितीया हे नाव पंचांगात असते, यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला ही कथा सांगितली जाते, पण पाटावर बसलेल्या भावाला ओवाळताना मृत्यूची आठवण फारशी कुणी काढत नाही. निरांजन, सुपारी, अक्षता, ओवाळणी आणि मग श्रीखंड-पुरीचे जेवण. नेपाळी बहीण मात्र भावाभोवती खरोखरच तटबंदी उभारते. तांब्याच्या भांड्यातून तेलाची आणि पाण्याची धार सोडीत ती त्याला प्रदक्षिणा घालते, म्हणजे ते रिंगण ओलांडून यमाला आत येता येऊ नये. उंबऱ्याशी अक्रोड ठेवून एका घावात फोडते, म्हणजे त्याच्यावरचे विघ्न फुटावे. कपाळावर सात रंगांचा उभा टिळा लावते. गळ्यात मखमली फुलांची माळ घालते. हे जांभळे गोंड्यासारखे फूल सुकले तरी रंग सोडत नाही. कथा अशी सांगतात, की एका बहिणीच्या आजारी भावाला न्यायला यम आला, तेव्हा तिने त्याच्याकडे एवढेच मागितले: टिळा पुसला जाईपर्यंत, तेल वाळेपर्यंत आणि फूल कोमेजेपर्यंत थांब. यम थांबला. फूल कोमेजेना.

टिळ्याचा मुहूर्त पंचांग ठरवणारी समिती जाहीर करते, तो रेडिओवरून सांगितला जातो, आणि सारा देश एकाच वेळी कपाळ पुढे करतो. मग ज्याला बहीणच नाही, तो त्या क्षणी काय करतो? ज्या घरात दोघी बहिणीच आहेत, तिथे पाट कुणासाठी मांडायचा?

महाराष्ट्राने याचे उत्तर फार सुंदर शोधले आहे. भाऊ नसलेली मुलगी संध्याकाळी अंगणात येते, द्वितीयेच्या चंद्रकोरीला ओवाळते आणि त्याला भाऊ मानते. पण चंद्राला भाऊ मानणे हा बहिणीचा मार्ग झाला. बहीण नसलेल्या भावासाठी आकाशात तशी सोय नाही. त्याने मावस, चुलत, मानलेली बहीण शोधायची, किंवा त्या दिवशी नुसते घरात बसून राहायचे. मुलांना एकटेपणा कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही. काठमांडूच्या तळ्यावर मात्र दोघेही येतात. बाया येतात, बाप्येही येतात. पुलावर रांग लागते, देवळात महादेवाची पूजा होते, तिथे टिळा लावून घेतला जातो, गळ्यात माळ पडते. या महादेवाला कुणी बालगोपालेश्वर म्हणतात, कुणी मातृकेश्वर, कुणी यमलेश्वर. बाळ, माता आणि जुळे भावंड, अशी तिन्ही नाती त्या नावांत ऐकू येतात.

या रांगेतल्या सगळ्यांचे दुःख सारखे नसते. कुणाला जन्मापासूनच भावंड नाही. त्याला रिकामी जागा माहीत आहे, तिथे कोण होते हे माहीत नाही. दुसरी एखादी अशी असेल, की गेल्या वर्षीपर्यंत तिने घरीच तेलाचे रिंगण काढले होते, अक्रोड फोडला होता, सारे विधी बिनचूक केले होते, आणि तरी यंदा तिला इथे यावे लागले. २०१५ च्या भूकंपानंतर अशा किती जणी झाल्या असतील. तिचे आणि त्या पहिल्या राणीचे दुःख एकाच जातीचे आहे. राणीचाही मुलगा राजवाड्यात, पहारेकऱ्यांच्या गराड्यात, नुकताच अभिषेक झालेला असताना गेला होता. त्याला राखायला काय कमी होते?

आणि भाऊ जिवंत असूनही ज्यांचा पाट रिकामा राहतो, अशा बहिणी तर नेपाळात घरोघर आहेत. तरुण मुले आखाती देशांत, मलेशियात, भारतात कामाला गेलेली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्र जागवणारा, हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासणारा नेपाळी तरुण दिवाळीत आपल्याला 'दिवाळी पोस्त' मागतो, तेव्हा त्याच्या गावी कुणी पाटाकडे पाहत बसले आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर टिळा टेकवण्याची रीत निघाली आहे. हसू येते, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. राणीच्या तळ्यावर मात्र या बहिणी येत नाहीत. भाऊ आहे म्हटल्यावर तिथे जाणे अशुभ, असेच कुणीही आई म्हणेल.

तळ्याबद्दल भुताखेतांच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. रात्री पाण्यावर बाई दिसते, असे जुनी माणसे सांगत. मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावरून जाताना एवढ्या मोठ्या काळ्या पाण्याकडे पाहिले तर कुणालाही काहीही दिसेल. त्यातही ती बाईच का दिसते, हे कळायला भुतांवर विश्वास असण्याची गरज नाही.

भाईटीकेच्या संध्याकाळी पूल रिकामा होतो. फाटक बंद होते. चारच दिवसांनी, कार्तिक शुद्ध षष्ठीला, काठावर पुन्हा गर्दी जमते, ती तराई आणि बिहारकडच्या लोकांची, छठपूजेची. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, हातात सुपे, सुपात ऊस, केळी, ठेकुआ. घंटाघरामागच्या डोंगरावर दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत व्रत चालते, आणि ते असते मुलाबाळांच्या आयुष्यासाठी. उगवत्या सूर्याला अर्घ्य देऊन झाले, की सुपातला प्रसाद शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्याही हातावर ठेवला जातो.